नाही म्हणण्याचा वर्ग

खानदेशात एखाद्या बांधकामावर गेलात आणि तिथला इंजिनिअर किंवा मिस्त्री चहाला सरळ 'नको' म्हणाला, तर खुशाल समजा की तो आबांच्या हाताखालून गेलेला आहे. आमच्याकडे चहाला एका दमात नको म्हणायची पद्धत नाही. आधी दोनदा 'नको नको', मग 'बरं, अर्धा', आणि शेवटी बशीत ओतून पूर्ण कप, असा रिवाज आहे. आबांची माणसं मात्र एकदाच नको म्हणतात आणि कामाला लागतात. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडे आमची ख्याती उद्धट म्हणून आहे. माझ्या सासूबाईंचा तर लग्नानंतर बरेच दिवस असा समज होता की मला त्यांच्या हातचं काहीच गोड लागत नाही.

आबा सिव्हिल इंजिनिअर. धुळ्याला सरकारी नोकरीत होते, ती मुदतीआधीच सोडली आणि जळगावात मेहरूणला एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. थोडी बांधकामं घ्यायची आणि बाकीचा वेळ माणसं शिकवायची, असा त्यांचा उद्योग. प्रमाणपत्र वगैरे काही मिळायचं नाही. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली डिग्री-डिप्लोमावाली पोरं आणि गवंडी, सळई बांधणारे फिटर, फळ्या-टेकू लावणारे सेंट्रिंगवाले असे सगळे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर एकाच रांगेत बसायचे. इंजिनिअर आणि मिस्त्री यांना वेगवेगळं शिकवलं की दोघं फक्त एकमेकांवर ढकलायला शिकतात, असं आबांचं म्हणणं होतं.

दिसायला उंच, काटकुळे. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गळ्यापर्यंत लावलेली बटणं. जळगावच्या मे महिन्यात माणूस बनियनसुद्धा नको म्हणतो, तेव्हाही आबांचं गळ्याचं बटण बंदच. कोणी विचारलं तर म्हणायचे, "ऊन माझ्या परवानगीनं तापतं का? मग मी त्याच्या परवानगीनं बटण का उघडू?" यात तर्क काय ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. दुसरी खोड म्हणजे भिंती वाजवणं. बोटातल्या चांदीच्या अंगठीनं भिंत टकटक वाजवायची आणि कान लावून ऐकायचं. दवाखाना असो, मंगल कार्यालय असो, बँक असो, आबांनी भिंत वाजवली नाही असं व्हायचं नाही. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा कांदेपोहे हातात धरून त्यांनी मुलीच्या बापाला सांगितलं होतं, "मुलगी फार छान आहे. पण तुमच्या या बीमला पोकळी आहे." लग्न जमलं नाही. मुलीच्या बापानं नंतर तो बीम मात्र दुरुस्त करून घेतला म्हणे.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा नुकती इंजिनिअर झाले होते. चोपड्याहून एसटीनं वडील सोबत आले होते, हातात घरच्या केळीची मोठी फणी. आबांनी आम्हाला बसवलं आणि चहा मागवला. मी प्यायले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, "घेशील ना पोरी?" मी 'नको' असं पुटपुटले आणि प्यायले. मग एक मिस्त्री आला, त्याच्याबरोबर घेतला. मग शेव आली, केळी आमचीच कापली गेली, आणि आबांनी स्वतःच्या हातानं किटलीतून पुन्हा कप भरला. मोठ्या माणसानं भरलेला कप मागे कसा सारायचा? तोही प्यायले. तेव्हा आबा वडिलांकडे वळले आणि अगदी हवापाणी सांगावं तसं म्हणाले, "ही मुलगी बांधकामाला धोका आहे."

वडिलांना राग आला. "आमच्या घरात मोठ्यांना नाही म्हणायची रीत नाही, साहेब."

"तेच तर म्हणतोय. ठेकेदार हिच्यापेक्षा मोठा असणार. घरमालक मोठा असणार. नगरसेवक तर सगळ्यांपेक्षा मोठा. एक कप हिला थांबवता येत नाही, ही काँक्रीटचा मिक्सर काय थांबवणार?"

वडील फणी उचलून परत निघायच्या बेतात होते. पण मलाच काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "मला शिकायचंय." आबा म्हणाले, "बघा. हे ती विचारल्याशिवाय बोलली. होईल काहीतरी हिचं."

रोज काम सुरू व्हायच्या आधी आबांचा वर्ग भरायचा. त्यात सिमेंट-वाळूचं प्रमाण वगैरे जुजबी. ते तुम्हाला पुस्तकात मिळेल, नाही तर मोबाईलवर मिळेल, असं ते म्हणायचे. वर्गाचा खरा विषय एकच: नाही म्हणणं. आबा स्वतः कधी घरमालक व्हायचे, कधी ठेकेदार, कधी मुहूर्त टळतोय म्हणून घाई करणारे भटजी. नटाची हौस त्यांनी अशी भागवून घेतली असावी. आमच्यातल्या एकानं उठायचं आणि त्यांना नकार द्यायचा. नियम कडक होते. नाही म्हणताना हसायचं नाही. ओरडायचं नाही. खोटं कारण द्यायचं नाही. 'बघतो', 'विचारून सांगतो', 'उद्या करू' हे शब्द वापरले की माणूस बाद. आणि 'होऊन जाईल' हा शब्द तर शेडमध्ये उच्चारायचीच बंदी होती. ज्याच्या तोंडून तो निघेल त्यानं त्या दिवशी सगळ्या नव्या बांधकामांवर पाणी मारत फिरायचं. सुरुवातीला मी इतकं पाणी मारलं की शेजारच्या बायका मला नगरपालिकेची समजायला लागल्या.

"इंजिनिअरचं नाही म्हणजे 'साहेबांना विचारतो'," आबा म्हणायचे, "आणि मिस्त्रीचं नाही म्हणजे मोबाईल बंद."

हे दुसरं त्यांनी हिरामण मिस्त्रीकडे बघून म्हटलेलं असायचं. हिरामण अमळनेरकडचा गवंडी. हात चांगला, स्वभाव त्याहून चांगला, आणि तीच पंचाईत. तो एकाच सकाळी तीन घरमालकांना 'येस ना भाऊ', म्हणजे येतो ना, असं म्हणायचा आणि मग फोन बंद करून चौथ्याच ठिकाणी कामाला जायचा. आबांनी त्याला उभं केलं की तो घामाघूम व्हायचा.

"काय रे भो, मी घरमालक शे. मन्हा स्लॅबमा पानी जास्त टाक, माल लवकर पसरी. आते काय सांगशी?"

हिरामण मान खाली घालून उभा. शेवटी म्हणाला, "आबा, नही म्हनानं म्हनजे मानूस तुटस."

सगळे हसले, पण आबा हसले नाहीत. ते गोणीवर त्याच्या शेजारी जाऊन बसले. "तुटस," ते म्हणाले, "खरं शे तुन्हं." आणि त्या दिवशी वर्ग तिथंच थांबवला.

माणसाचा स्वभाव ओळखण्याचं आबांचं एक शास्त्र होतं आणि ते वांग्याच्या भरतावर चालायचं. हिवाळ्यात मोठी हिरवी वांगी आली की ते सगळ्यांना कोणाच्या तरी मळ्यात न्यायचे. कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर वांगी भाजायची, मग लाकडी भांड्यात ठेचायची. आबा बाजूला खाटेवर बसून पाहणार. जो सारखं वांगं उलटंपालटं करतो त्याला स्लॅबवर उभं करायचं नाही. जो आगीजवळ जातच नाही त्याला हिशेबाला बसवायचं. जो ठेचता ठेचता बोलत राहतो त्याच्या हाती पातळी मोजायची लेव्हल द्यायची नाही. आम्ही कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खात असायचो आणि आबा एकेकाचं भविष्य सांगत असायचे. खरं सांगायचं तर हे शास्त्र निम्म्या वेळा साफ चुकायचं. आमच्यातल्या एका पोराला त्यांनी 'स्वभावानं गळका' ठरवलं होतं. तो आज धुळ्यात गच्च्यांची गळती बंद करायची कामं घेतो आणि त्याला फुरसत नसते. हे आबांना सांगितलं तर म्हणायचे, "मग? चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक."

सगळ्यांना वाटायचं की आबांच्या नोकरीत एखादी इमारत पडली असणार, माणसं मेली असणार, त्याशिवाय माणूस असा नाहीच्या मागे लागणार नाही. चहाच्या टपरीवर त्याच्या निरनिराळ्या कथा होत्या. एकदा बसमध्ये शेजारी बसले होते तेव्हा मी धीर करून विचारलं. आबा चिडले. "काही पडलं नाही. नोकरीभर मी सगळ्यांना हो म्हणत गेलो. वरच्याला हो, खालच्याला हो. आणि एकही भिंत पडली नाही. एके दिवशी लक्षात आलं की मी अक्कल वापरलीच नव्हती, नुसतं नशीब वापरत होतो. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला." मग पारोळा येईपर्यंत ते समोरच्या सीटचा दांडा अंगठीनं वाजवत राहिले.

असा हा माणूस एका व्यक्तीला मात्र नाही म्हणू शकत नव्हता. ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. अक्कांचं लग्न लवकर झालं आणि नवराही लवकर गेला. सासरी जागा नव्हती, माहेरी आई नव्हती. त्यांनी अमळनेरला कॉलेजच्या पोरांसाठी खाणावळ काढली आणि त्यावर धाकट्या भावाला इंजिनिअर केलं. खाणावळीच्या मागे भाड्याची एक खोली होती. साऱ्या जन्माचं घर तेवढंच. भावानं कितीदा जळगावला ये म्हटलं तर म्हणायच्या, "भाऊनं घर भाऊनं ऱ्हास." एक लहानसा प्लॉट मात्र त्यांनी अमळनेरातच केव्हाचा घेऊन ठेवला होता.

अक्का आजारी पडल्या तेव्हा आबांनी त्या प्लॉटवर घर काढलं. छातीचं दुखणं होतं, वय झालेलं. डॉक्टरांनी आबांना बाहेर बोलावून काय ते सांगितलं. अक्कांची इच्छा एकच होती. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. नवऱ्याच्या नावाची घागर त्या आयुष्यभर भाड्याच्या खोलीत भरत आल्या होत्या. एकदा ती स्वतःच्या घरात भरायची होती. त्या आखाजीला नाही जमलं तर पुढची त्यांना दिसेल असं कोणालाच वाटत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

आबांनी मला शेडमध्ये बोलावलं. "या घराची इंजिनिअर तू. मी फक्त मालक. मालकाला कसं वागवायचं ते तुला शिकवलंय." माझं ते पहिलंच स्वतंत्र काम. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी कोणीतरी दिलेला चहा मी विसरून पिऊन टाकला.

नकाशात अक्कांची एकच अट होती: पुढची खोली मोठी हवी आणि मधे खांब नको. खाणावळीत मधोमध एक खांब होता. वाढताना जन्मभर त्याला कोपर लागलं, ताटं आपटली. म्हणून आम्ही खांबाशिवाय मोठी खोली काढली. अशा खोलीचा स्लॅब जास्त जपावा लागतो. माल ओतल्यावर खालून लाकडी टेकू दिलेले असतात, ते स्लॅब पुरता पक्का होईपर्यंत काढायचे नसतात. काँक्रीट वरून दगडासारखं दिसायला लागतं पण आत अजून पोरसवदा असतं. हे आबांनीच शिकवलेलं.

काम मन लावून चाललं होतं, पण मधे सळई यायला उशीर झाला आणि स्लॅब लांबला. तो पडला तेव्हा मी मनात हिशेब केला. टेकू निघायचे दिवस आखाजीच्या पलीकडे जात होते. आबांनीही तो हिशेब केला असणार. दोघंही त्यावर बोललो नाही.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी सकाळी अमळनेरला पोचले तर आबा साइटवर आधीच आलेले. सोबत हिरामण आणि सेंट्रिंगची दोन माणसं, हातात हातोडे. आबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "पुढच्या खोलीचे टेकू काढून घ्या. मागचे राहू द्या. आज खोली झाडून घेऊ, उद्या सारवण-रांगोळी, परवा अक्काला आणायचं. रात्री ती इथंच झोपेल."

माणसं जागेवरून हलली नाहीत. हिरामण माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई सांगतीन तसं."

"मी सांगतोय."

मी म्हटलं, "नाही आबा. दिवस झालेले नाहीत."

"चाळीस वर्षं स्लॅब बघतोय मी. याला काही होत नाही."

"नाही आबा."

मग त्यांनी एकेक सुरू केलं. मुहूर्त निघून जाईल. म्हातारं माणूस आहे. थोडी समजूत दाखव. एवढे दिवस काय नि तेवढे दिवस काय. ही सगळी वाक्यं मी ओळखत होते. वर्गात घरमालक होऊन ते हीच बोलायचे. क्षणभर माझ्या मनात आशा उभी राहिली की ही परीक्षाच असेल, आता हे हसतील आणि म्हणतील, पास झालीस पोरी. म्हणून मी त्यांच्याकडे नीट बघितलं. आबांच्या शर्टाचं गळ्याचं बटण उघडं होतं. आणि हातातली अंगठी ते सारखी फिरवत होते. ही परीक्षा नव्हती. त्यांची बहीण चालली होती.

"अगं, होऊन जाईल," आबा म्हणाले.

हिरामणनं मान खाली घातली. सेंट्रिंगवाले हातोडे घेऊन बाहेर गेले. मला रडू येत होतं. नियम होता: हसायचं नाही, ओरडायचं नाही, खोटं कारण द्यायचं नाही. रडायचं नाही असं कुठं म्हटलेलं नव्हतं. मी रडत रडत तिसऱ्यांदा नाही म्हटलं.

आबा म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"येईन," मी म्हटलं. "टेकू निघेपर्यंत रोज येईन. स्लॅबवर पाणी कोण मारणार?"

ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन कडुनिंबाखाली पाठ करून उभे राहिले. खरं सांगते, त्या वेळी मला माझाच राग आला. कदाचित काहीच झालं नसतं. नाही म्हणणाऱ्याला आपण बरोबर होतो याचा पुरावा कधीच मिळत नाही. जे पडलं नाही ते दाखवणार कसं?

संध्याकाळी हिरामण बोलवायला आला. अक्कांनी मला खोलीवर बोलावलं होतं. मी शिव्या खायची तयारी करून गेले. अक्का खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, अंगाची नुसती काडी झालेली. आबा कोपऱ्यात स्टुलावर.

"तूच का ती नही म्हननारी?" अक्कांनी विचारलं.

मी मान हलवली.

"त्या टेकू काढात तर घर पडस. काढा नहीत म्हनजे पडत नही. बराबर?"

"बरोबर, अक्का."

"मंग मी टेकूस्ना मझारमाइन जासू. त्या काय माले चावतीन का?"

मी आबांकडे पाहिलं, आबांनी माझ्याकडे. आम्ही दोघं इंजिनिअर. सकाळी भांडलो ते टेकू काढायचे की नाही यावर. टेकू असताना आत जायचं हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही स्वतः दिवसातून दहादा त्या टेकूंमधून ये-जा करत होतो. पण आबांच्या डोळ्यांसमोर झाडलेली खोली, रांगोळी, तोरण असं घर होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर नुसता स्लॅब.

"चालेल," मी म्हटलं. त्या घराबाबत मी कोणाला दिलेला तो पहिला होकार होता.

"तिले कसाले बोलनास रे?" अक्का भावाला म्हणाल्या. आबांनी उठून त्यांची उशी सारखी केली.

आखाजीच्या सकाळी अक्का रिक्षातून आल्या. अंगावर नवं लुगडं, कडेवर मातीची रिकामी घागर, ती दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला तयार नाहीत. मी आदल्या दिवशीच सगळे टेकू एकेक करून तपासले होते, हिरामणनं ढिले वाटले ते ठोकून घेतले होते. उंबरा अजून बसवायचा होता. अक्कांनी उंबऱ्याच्या जागेला हात लावून नमस्कार केला आणि आत शिरल्या. एका टेकूला हात, मग दुसऱ्याला, मग तिरक्या होऊन पुढं. ती सगळी ओळखीची माणसं असल्यासारख्या त्या प्रत्येकाला हात लावत गेल्या. खोलीच्या मधोमध जिथं जरा जागा होती तिथं हिरामणनं दोन विटा मांडून दिल्या. अक्कांनी घागर तिथं ठेवली, पाणी ओतलं, वर खरबूज ठेवलं, नवऱ्याचं नाव ओठातल्या ओठात घेतलं. मग त्या उलट्या घमेल्यावर बसल्या.

स्लॅबवर भरून ठेवलेलं पाणी फळ्यांच्या सांध्यातून कुठंतरी झिरपत होतं. एक थेंब अक्कांच्या डोक्यावर पडला. त्यांनी वर बघितलं.

"का रे, गळकं घर बांधं का तू?"

आबा बाहेरच उभे होते. ते वाकून, टेकूंना खांदे घासत आत आले. "क्युरिंगचं पाणी आहे ते, अक्का. स्लॅब पक्का व्हायला ठेवलंय."

"मंग ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. त्या बराच वेळ बसल्या. त्यांनी पुरणपोळी मागितली, घासभर खाल्ली, उरलेली भावाला भरवली. आबा लहान मुलासारखे तोंड उघडून घास घेत होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. जाताना अक्का म्हणाल्या, "खांब मातर भलता लायेल शेतस." आबा म्हणाले, "निघतील अक्का, सगळे निघतील."

टेकू निघायच्या आधीच अक्का गेल्या. भाड्याच्या खोलीत, दुपारी, झोपेत.

टेकू काढायच्या दिवशी मी आबांना निरोप पाठवला. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. मधल्या टेकूपासून सुरुवात करून हिरामणच्या माणसांनी एकेक काढत नेला. शेवटचा निघाल्यावर सगळे सवयीनं वर बघत होते, कुठं तडा दिसतो का, कुठं झोल आलाय का. आबा खाली बघत होते. रिकामी जमीन, चारी भिंतींपर्यंत मोकळी.

"केवढी खोली झाली," ते म्हणाले. "मधे खांब नको म्हणाली होती. आणि तिनं पाहिले ते नुसते खांब."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"काही झालं नसतं, पोरी."

"माहीत नाही, आबा."

"मलाही माहीत नाही." थोड्या वेळानं ते म्हणाले, "तू चुकलीस असं मी म्हणत नाही. पण मला तुझा राग आहे. तो जायचा नाही. तू तो घालवायचा प्रयत्न करू नकोस."

मी म्हटलं, "नाही करणार." घरी येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले आणि पोटभर रडले. बरोबर असण्याचा एवढा त्रास होतो हे त्यांच्या वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनाही ते तेव्हाच कळलं असावं.

आबा आता थकले आहेत. वर्ग अजून भरतो, पण वर्षातून एक-दोनदाच. राग म्हणाल तर त्यांनी शब्द पाळला आहे. माझ्या मुलीच्या बारशाला ते आले नाहीत, दिवाळीला फोन केला तर दोन वाक्यांत ठेवून देतात. पण नवी तुकडी तयार झाली की सगळ्यांना रिक्षांत घालून मी जिथं काम करत असेन तिथं ते घेऊन येतात. कोवळ्या चेहऱ्यांचे इंजिनिअर, सळईनं हात काळे झालेले फिटर, एखादा घाबरलेला गवंडी असे सगळे माझ्यासमोर रांगेत उभे राहतात. आबा काठी टेकत पुढं येतात, माझ्याकडे बोट करतात आणि माझ्यादेखत त्यांना सांगतात:

"ही ती. हिनं माझ्या बहिणीला तिच्या स्वतःच्या घरात एक रात्र झोपू दिलं नाही. हिच्या हाताखाली शिका."